वाजवताना तिच्याकडे बघ

ॲन आर्बर, मिशिगन
शनिवार, ४ ऑक्टोबर १९८६

तीर्थरूप सौ. ताईस,

साष्टांग नमस्कार. पाकिटावर त्र्यंबकरावांच्या नावाऐवजी तुझं नाव बघून सांगलीत सगळ्यांना वाटेल, काहीतरी वाईट झालं. तसं काही नाही. सरला, दीपा आणि मी ठणठणीत आहोत. एरवी मी त्र्यंबकरावांना लिहितो आणि शेवटी 'ताईला नमस्कार' चिकटवून देतो. आज थेट तुला लिहितोय, कारण काम तुझ्याकडेच आहे. त्र्यंबकरावांना साखर कारखान्यातलं सगळं कळतं, घशातलं काही कळत नाही.

दीपा इथल्या युनिव्हर्सिटीत गाणं शिकते हे तुला माहीत आहे. तिची कॅसेट ऐकून आपला नंदू म्हणाला होता, "छान आहे, पण पोरीला कोणी मारतंय का?" असो. आमच्यापासून पाऊण तासावर एक गाव आहे. तिथल्या जुन्या सिनेमा थिएटरात एक ऑपेरा कंपनी चालते. मोठ्या शहरातल्यासारखी नाही. दिवसा दात काढणारा डेंटिस्ट संध्याकाळी सरदार होतो आणि त्याची बायको तिकिटं विकते. आपल्या आप्पांची हौशी नाटक मंडळी होती ना, थेट तशीच.

नोव्हेंबरमध्ये ते व्हिएन्ना शहरातलं शंभर वर्षांपूर्वीचं एक विनोदी नाटक करतायत. ऑपेरेटा म्हणतात त्याला. भरपूर गाणी, मध्ये मध्ये गद्य, वेषांतरं, गैरसमज आणि शेवटी सगळ्यांची लग्नं. पहिल्या तालमीहून आल्यावर मी सरलाला म्हणालो, हे तर आपलं संगीत नाटकच आहे. नांदी नाही आणि शालूऐवजी घेरदार झगे, एवढाच फरक. टोप्यांच्या दुकानात काम करणारी एक पोर गिऱ्हाइकाची भारीतली टोपी डोक्यावर घालून मेजवानीला जाते आणि सगळे तिला उमरावाची बायको समजतात. ती पोर म्हणजे आपली दीपा. दुसऱ्या अंकात तिचं टोपीचं गाणं आहे. ते रंगलं तर नाटक रंगलं.

आणि मी पुन्हा वाजवतोय, या वेळी ऑर्गनऐवजी पियानो. हसू नकोस. कंपनीला हार्प, म्हणजे ती माणसाएवढी उभी वीणा, वाजवणारं कोणी मिळालं नाही, म्हणून हार्पचे तुकडे पियानोवर वाजवायचे ठरलं, आणि दीपाने माझं नाव पुढे केलं. टोपीच्या गाण्याची सुरुवात त्या हार्पच्या तुकड्यानेच होते. म्हणजे मी बोटं ठेवल्याशिवाय तिचं गाणं सुरू होत नाही. अठ्ठावीस वर्षांनी मी परत स्टेजखाली, गाणाऱ्या बाईच्या पायाशी बसलोय.

आता कामाचं. तीन प्रयोग आहेत, शेवटचा रविवारी, सोळा नोव्हेंबरला दुपारी. त्या दुपारी शिकागोहून एक गृहस्थ येणार आहेत. ते दर वर्षी आठ तरुण गायक निवडून दोन वर्षं शिकवतात. दीपाला ते मिळालं तर पुढचा रस्ता उघडला, नाही तर मुलं सांभाळत शाळेत गाणं शिकवणं आलंच. आणि नेमका याच वेळी तिचा आवाज दमतोय. सकाळी नीट असते, संध्याकाळच्या तालमीनंतर जड होते. डॉक्टरांनी घशात आरसा घालून बघितलं, म्हणाले दुखापत काही नाही, नुसता ताण आहे. पण डॉक्टर म्हणतात ते सगळंच खरं असतं असं नाही, हे आपल्या घराइतकं कोणाला ठाऊक आहे?

तू काय करायचीस? आवाज दमला की काय घ्यायचीस, काय टाळायचीस? मी इतकी वर्षं तुझ्याबरोबर वाजवलं आणि हे कधी विचारलं नाही.

गणेशोत्सवातल्या त्या रात्रीबद्दल लिहायला मी बसलेलो नाही. घसा बसलेला असताना ताईने वन्स मोअर घेतला आणि आवाज गमावला, एवढं सगळ्यांना माहीत आहे. नंदू तर दर दिवाळीला घरातल्या नव्या सुनांना ते तिखटमीठ लावून सांगतो. मला त्यात पडायचं नाही. झालं ते झालं. मला फक्त दीपाचं बघायचंय.

उत्तर लवकर पाठव. भाऊबीजेची साडी वेगळ्या पार्सलने पाठवली आहे. या वर्षी तरी नेस.

तुझा,
श्रीरंग

*

ॲन आर्बर
रविवार, २ नोव्हेंबर १९८६

तीर्थरूप सौ. ताईस,

दिवाळीचा नमस्कार. तुझं पत्र बुधवारी मिळालं. निळं एअर लेटर उघडलं तर आत चार ओळी आणि बाकी सगळा कागद कोरा. इतकी जागा वाया घालवलेली आप्पांनी बघितली असती तर तुझी शाळाच घेतली असती.

तुझ्या चारही ओळी मी भिंतीवर लावल्या आहेत. ज्येष्ठमध चघळायला दे. थंड पाणी बंद. कुजबुजू देऊ नकोस, त्याने घसा बोलण्यापेक्षा जास्त शिणतो. ज्येष्ठमधाची पंचाईत होती, पण आमच्या महाराष्ट्र मंडळाचा गिरीश, नागपूरचा आहे, डेट्रॉइटला गाड्यांच्या कंपनीत काम करतो, त्याची बहीण न्यू जर्सीत एडिसनला राहते. तिने तिथल्या दुकानातून पुडा पाठवला. दीपा दिवसभर काड्या चघळते. सरला म्हणते, सुताराच्या हाताखाली ठेवल्यासारखी दिसते पोर. आवाज मात्र सुधारतोय. तुझे उपकार आहेत.

चौथी ओळ मी बऱ्याच वेळा वाचली. 'वाजवताना तिच्याकडे बघ.' मी तिचा अर्थ सरळ घेतला आहे. घसा दमल्यासारखा वाटला तर मी बघावं आणि थांबवावं. थांबवीन. त्याची काळजी करू नकोस.

पण इथे एक नवीनच निघालं. आमचा कंडक्टर वॉल्टर, म्हणजे हातात काडी घेऊन सगळ्यांना सांभाळणारा, परवा तालमीत म्हणाला की शेवटच्या प्रयोगाला लोकांनी फारच टाळ्या दिल्या तर टोपीचं गाणं परत घ्यायचं. म्हणजे वन्स मोअर! अमेरिकेत येऊन, सातासमुद्रापलीकडे, मला तेच भेटावं?

मी ताडकन उठलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, परत घ्यायचं नाही, तिचा घसा दमलाय. वॉल्टरचा चेहरा उतरला. तो सभ्य माणूस आहे. म्हणाला, "श्री, दॅट इज बिटवीन मी अँड द सिंगर." आणि दीपा लालबुंद झाली. गाडीत बसल्यावर मला म्हणाली, "बाबा, तू सगळ्यांसमोर असं का केलंस? आय नो माय व्हॉइस. मला जमणार असेल तर मी घेईन, नसेल तर नाही."

मी म्हणालो, "स्टेजवर असताना कळत नाही गं. टाळ्या डोक्यात जातात."

"तुला कसं माहीत? तू कधी स्टेजवर गायलास?"

मग तिनेच तोडगा काढला. घसा ठीक असेल तर ती माझ्याकडे हात पुढे करणार, मग मी सुरू करायचं. नसेल तर डोक्यावरची टोपी काढणार, की मी पुढे जायचं. वॉल्टरलाही तिने सांगितलं. सगळ्यांना पटलं. मला मात्र ते नको होतं. खूण ठरवणं आलं, की माझ्या हातांना घाम येतो.

त्या रविवारी गिरीश मंडळाची बत्तीस माणसं घेऊन येणार आहे. काल फोनवर विचारत होता, "टाळ्या केव्हा वाजवायच्या ते सांगून ठेव यार, नाहीतर उगाच हसं व्हायचं." मी म्हणालो, आवडलं की वाजवा.

तुझ्या त्या चौथ्या ओळीत आणखी काही आहे का? असेल तर मला कळलं नाही, असं समज.

तुझा,
श्रीरंग

*

ॲन आर्बर
मंगळवार, १८ नोव्हेंबर १९८६

ताई,

या वेळी नमस्कार शेवटी करीन. आधी सगळं वाच, मग तो घ्यायचा की नाही ते तू ठरव.

शुक्रवार आणि शनिवारचे प्रयोग चांगले झाले. शनिवारी रात्री दीपाचा आवाज जड वाटला, म्हणून रविवारी सकाळपासून तिने मौन धरलं. गळ्यात दोरीने एक छोटी वही अडकवली होती, काही हवं असलं की त्यात लिहायची. मी गाडी चालवत होतो आणि ती शेजारी बसून लिहीत होती. 'हीटर कमी कर.' 'घसा छान आहे.' 'बाबा, रिलॅक्स.' ती वही मला बघवत नव्हती. का ते तुला सांगायला नको.

थिएटर भरलं होतं. बाहेर बर्फ पडत होतं, आणि आत आमच्या मंडळाच्या बायका कोटाच्या आत शालू नेसून तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसल्या होत्या. शिकागोचे गृहस्थ कडेच्या खुर्चीवर, मांडीवर वही ठेवून. पहिला अंक झाला. दुसऱ्यात मेजवानीचा प्रवेश आला, वॉल्टरने काडी माझ्याकडे केली, मी तुकडा वाजवला आणि दीपाने टोपीचं गाणं उचललं.

ताई, काय गायली ती! मला त्यांच्या गाण्यातलं सगळं कळतं असं नाही, पण वरचा सूर तिने असा लावला की ड्रमवाला वाजवायचं सोडून वर बघत राहिला. गाणं संपलं आणि थिएटर उसळलं. आणि मग गिरीश खुर्चीवरून उठला आणि सांगलीतल्या थिएटरात ओरडावं तसा ओरडला, "वन्स मोअर!"

बत्तीसच्या बत्तीस माणसांनी उचलून धरलं. अमेरिकन लोक आधी वळून बघायला लागले, मग हसले, मग त्यांनाही आवडलं आणि तेही 'वन्स मोअर, वन्स मोअर' करायला लागले. वॉल्टर खूश. त्याने काडी उचलली आणि माझ्याकडे रोखली.

मी पियानोचं झाकण बंद केलं.

हळू नाही, जोरात. वॉल्टर दबक्या आवाजात म्हणाला, "श्री, नाऊ." त्याने पुन्हा काडी रोखली. मी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले आणि झाकणाकडे बघत बसलो. काळं, चकचकीत झाकण होतं. किती वेळ गेला माहीत नाही. टाळ्या पातळ होत गेल्या. कोणीतरी खोकलं. मग वॉल्टरने पान उलटलं आणि पुढचं गाणं सुरू केलं.

मला त्या क्षणी काय वाटत होतं सांगू? मला अभिमान वाटत होता. वाटलं, या वेळी मी वाचवलं.

प्रयोग संपल्यावर सरलाने मला पॅसेजमध्ये गाठलं. म्हणाली, "अहो, ती हात पुढे करून उभी होती. हसत. शेवटपर्यंत." टोपी तिच्या डोक्यावर तशीच होती.

तू मला एकच गोष्ट सांगितली होतीस. आणि मी तिच्याकडे बघितलं नाही.

शिकागोचे गृहस्थ आत येऊन दीपाला भेटले. कौतुक केलं, आणि जाता जाता विचारलं, "व्हॉइसला काही त्रास आहे का? नाही, परत घेतलं नाहीत, म्हणून." ती नाही म्हणाली. त्यांनी मान डोलावली, पण वहीत काहीतरी लिहिलं. आठ जणांत निवडायचं असेल, तर नाजूक घशाची मुलगी कोण घेईल? ज्या घशाला काही झालंच नव्हतं, त्याला मी आजारी ठरवलं.

गाडीत दीपा मागे बसली. निम्मा रस्ता गेल्यावर बोलली. रडत नव्हती, ते जास्त वाईट होतं. "बाबा, यू डिडन्ट इव्हन लुक ॲट मी."

"मला वाटलं तुझा घसा..."

"माझा घसा. माय थ्रोट, बाबा. तुझा नाही."

घरी आल्यावर मी तिला आणि सरलाला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून अठ्ठावन्न सालची ती रात्र सांगितली. सरलाशी लग्नाला बावीस वर्षं झाली, तिलाही ती पहिल्यांदाच कळली. आता तुला सांगतो. तू तिथे होतीस, तुला सगळं माहीत आहे, तरी सांगतो. कारण ते माझ्या हाताने लिहिलेलं असायला हवं.

त्या संध्याकाळी रंगपटात तू मला बोलावून म्हणालीस, घसा बसलाय, आज वन्स मोअर झेपणार नाही. रेडिओची ऑडिशन पंधरा दिवसांवर आली होती. तू म्हणालीस, लोक फारच ओरडले आणि मला जमणार नसेल, तर मी शेला कमरेला खोचीन, की तू पुढच्या पदावर जा. मी हो म्हणालो. दुसऱ्या अंकात ते पद झालं. दोन कडव्यांच्या मध्ये मी ऑर्गनवर जी जागा घेतली तिला टाळी पडली. पुढच्या रांगेत माझे कॉलेजचे मित्र होते. पद संपलं, वन्स मोअरचा एकच गलका झाला. टाळ्या तुला होत्या, पण एकोणीस वर्षांच्या गाढवाला वाटलं, निम्म्या आपल्यालाच आहेत.

तू शेला खोचलास. हिरवा शेला, डाव्या बाजूला. मी बघितला, ताई. चांगला बघितला. आणि मी पदाच्या तोंडाचे सूर पुन्हा वाजवले. ऑर्गन सुरू झाल्यावर तू काय करणार होतीस? एवढ्या लोकांसमोर तू गायलीस, आणि वरच्या षड्जावर आवाज फाटला तो फाटलाच.

मिरजेच्या डॉक्टरांनी दोन महिने मौन सांगितलं, मग आवाज परत येईल म्हणाले. तुझ्या मांडीवर पाटी आली. चौथ्या दिवशी आप्पांनी तुझ्यासमोर मला विचारलं, "वन्स मोअर कोणी घेतला?" आणि मी म्हणालो, "ताईने खूण केली." आप्पा तुझ्याकडे वळून म्हणाले, "एवढा टाळ्यांचा मोह?" तू पाटीवर काहीतरी लिहायला घेतलंस. माझ्याकडे बघितलंस. आणि तळव्याने पुसून टाकलंस.

आप्पा गेले तेव्हाही त्यांना तेच खरं वाटत होतं. नंदूला आजही वाटतं. तुझ्या सुना आजही तुला टाळ्यांची हावरी समजतात. मी मात्र इथे येऊन मोठा इंजिनियर झालो आणि दर वर्षी भाऊबीजेला साडी पाठवत राहिलो. तू ती का नेसत नाहीस, याचं मला नवल वाटायचं, असं मी सरलाला सांगायचो. खोटं होतं तेही.

दीपाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे आत्या नाही म्हणाली तेव्हा तू वाजवलंस, आणि मी हो म्हणाले तेव्हा नाही वाजवलंस." इतकं सरळ मला अठ्ठावीस वर्षांत मांडता आलं नव्हतं. नंतर विचारलं, "बाकीच्यांना माहीत आहे?" मी नाही म्हणालो. "देन टेल देम," म्हणाली आणि वर निघून गेली. अजून माझ्याशी बोलत नाही. वही गळ्यात नाही, तरी.

काल सकाळी मी दोन कामं केली. शिकागोच्या गृहस्थांना सहा ओळींचं पत्र टाकलं: गाणारीने परत गायची खूण केली होती, तिचा घसा उत्तम होता, पियानोवर बसलेल्या तिच्या बापाने झाकण बंद केलं, आणि कंडक्टरला विचारल्यास तोही हेच सांगेल. उत्तर येईल की नाही ठाऊक नाही. वॉल्टरला फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, पुढच्या वर्षी हार्पवाला शोधू. बरोबर आहे त्याचं.

आज हे पत्र. याच्या दोन प्रती केल्या आहेत. एक नंदूला पुण्याला आजच पाठवतोय, आणि वर लिहिलंय की येत्या दिवाळीची वाट न बघता घरातल्या सगळ्यांना बसवून मोठ्याने वाच. दुसरी तुझी. त्र्यंबकरावांना दाखव, सुनांना दाखव, नाही तर चुलीत घाल. तुझ्या पत्राचं काय करायचं ते या वेळी मी ठरवणार नाही.

सोबत रविवारच्या प्रयोगाची कॅसेट आहे. दीपाने स्वतः आणून टेबलावर ठेवली, वर चिठ्ठी होती, "आत्याला पाठव." टोपीचं गाणं दुसऱ्या बाजूला आहे. गाणं संपल्यावर गिरीशची आरोळी ऐकू येईल, टाळ्या येतील, मग झाकणाचा आवाज, आणि मग बराच वेळ काहीच नाही. तेवढं ऐकून घे. त्या शांततेत ती हात पुढे करून उभी आहे.

माफी मागत नाही. ती तुझ्याकडून काढून घेतल्यासारखी होईल. एवढंच विचारतो, आणि उत्तर द्यायलाच हवं असं नाही: त्या दिवशी पाटीवर काय लिहून पुसलंस?

साष्टांग नमस्कार.

तुझा शेला बघितलेला,
श्रीरंग